वड्यावर उमटलेलं राशिभविष्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा गाडीवरून वडापाव आणला, पुडी सोडली तर वड्याच्या बुडाला तुमच्याच पेपरातलं राशिभविष्य उलटं उमटलेलं, आरशात दिसावं तसं. मुलगा म्हणाला, बाबा, कन्या रास खाताय की तूळ? हसलो, पण वडा काही घशाखाली उतरला नाही. पेपरच्या शाईत शिसं वगैरे असतं, ती तेलकट गरम पदार्थात उतरते, म्हणून केंद्राचं अन्नसुरक्षा खातं, एफएसएसएआय, 2016 पासून सांगतंय की पेपरात खायचं बांधू नका, 2018 च्या नियमांत तर सरळ मनाईच आहे. पण गाडीवर कोण वाचतंय!

त्याच साली जूनमध्ये आपल्याकडे प्लास्टिकबंदी लागू झाली आणि सगळे कागदावर तुटून पडले. कागद म्हटलं की चांगलंच असणार असं आपण धरून चालतो. आता चहाचा कागदी कप घ्या, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणून तर तो गळत नाही ना. आयआयटी खरगपूरवाल्यांनी 2020 मध्ये मोजलं, अशा कपात 100 मिली गरम पाणी 15 मिनिटं ठेवलं तर प्लास्टिकचे 25,000 बारीक कण त्यात उतरतात. वर तो कप रद्दीवाला घेत नाही, भंगारवाला घेत नाही आणि धड कुजतही नाही. त्यापेक्षा मला तर दुधाची पिशवी बरी वाटते, दूध थंड असतं, पिशवीला वजन नाही, आणि धुवून ठेवली की भंगारवाला नेतो. (बंदीच्या वेळी तिच्यावर 50 पैसे डिपॉझिट ठरलेलं, आमच्या डेअरीवाल्याने एकदाही परत दिलं नाही ते सोडा.) काचेची बाटली पूर्वी होती, छान होती, पण टेम्पोत ओझं केवढं, धुवायला पाणी किती, आणि परत गेली नाही तर सगळंच मुसळ केरात.

खरा घोळ गरम आणि तेलकट पदार्थांचा आहे. मिसळीची उकळती तर्री अजून पातळ पिशवीतच बांधतात, हातात घेतली की पिशवी मऊ पडलेली कळते. मी स्टीलचा डबा नेला तर हॉटेलवाला म्हणे, काका, पार्सल आमच्याच डब्यात मिळेल, वर डब्याचे दहा रुपये.

बाकी जाऊ द्या, तुमच्या हातात आहे तेवढं करा. प्रत्येक पानाच्या तळाला एक ओळ छापा, ‘या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत’, आणि शक्यतो ठळक, म्हणजे वड्यावर उमटली तरी वाचता येईल.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक