अण्णांची नाडी

सांगली, ९ नोव्हेंबर

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "मधूनच छातीत फडफडतं रे, ॲसिडिटी असेल," आणि लगेच पोरीच्या ॲडमिशनवर घसरलास. शेजारी अण्णा बसले होते म्हणून मी काही बोललो नाही. आता लिहितो.

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं एवढंच तुला ठाऊक आहे. श्रावणातली सकाळ होती. नेहमीसारखा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. बशी उजव्या हातात हळूहळू तिरकी होत गेली, चहा धोतरावर सांडत राहिला, आणि त्यांना पत्ताच नाही. आईनं हाक मारली तर तोंडातून नुसतं बरळणं. आम्ही शहाणे काय करावं? साखरपाणी पाजलं (ठसका लागून फुफ्फुसात गेलं असतं, हे नंतर कळलं), तळव्यांना तेल चोळलं, बीपीची गोळी शोधली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सहावा तास चालू होता. ते तेल मला अजून झोपू देत नाही.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी दिसली. पण ती आली कुठून? साखर नाही, मानेच्या रक्तवाहिन्या साफ, इको ठीक, ईसीजी नॉर्मल. २४ तास ठोके टिपणारा होल्टरही कोरा. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं, कारण अज्ञात. ॲस्पिरिन सुरू झाली आणि आम्ही घरी. गुठळीनं मेंदूला बसणाऱ्या झटक्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात असंच होतं म्हणे.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र पिच्छा सोडला नाही. म्हणाले, ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा फोटो. चोर त्या दहा सेकंदांत अंगणात असेलच कशावरून? त्यांचा संशय एट्रियल फिब्रिलेशनवर होता. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी असते, तिथं रक्त साचतं, गुठळी धरते, आणि सुटली की थेट मेंदूकडे. झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट. आणि हे येतं-जातं, बऱ्याचदा माणसाला कळतही नाही.

२०१४ साली ४४१ रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता, सगळे कारण न सापडलेले. निम्म्यांच्या कातडीखाली बारीक मॉनिटर बसवला. सहा महिन्यांत त्यांतल्या ८.९ टक्क्यांत ही गडबड पकडली गेली. नेहमीच्या तपासण्यांवर ठेवलेल्यांत १.४. तीन वर्षांनी मॉनिटरवाल्यांचा आकडा ३० टक्क्यांवर गेला. बघत राहिलं तर दिसतं, एवढीच त्यातली गोम.

अण्णांना छातीवर चिकटवायचा पॅच दिला, १४ दिवसांचा. आंघोळीवरून रोज भांडण. नवव्या रात्री तीनच्या सुमाराला सापडलं, ४० मिनिटं. अण्णा तेव्हा घोरत होते! श्रावणातल्या गुठळीचं कारण हेच, असं छातीठोक डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण औषध बदललं; ॲस्पिरिन बंद, आता गुठळी धरू न देणारं ॲपिक्साबान, दोन वेळा. मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी का नाही दिलंत? तर कारण न सापडलेल्या सगळ्यांनाच सरसकट अशी औषधं देऊन पाहिली, ॲस्पिरिनपेक्षा झटके कमी झाले नाहीत, एका औषधानं तर रक्तस्राव वाढला. आधी चोर पकडायचा, मगच कोठडी.

मध्यंतरी तपासणीच्या वेळीच तसे ठोके सुरू झाले. डॉक्टरांनी अण्णांची बोटं त्यांच्याच मनगटावर ठेवली. चाळीस वर्षं भजनात टाळ वाजवलेला माणूस; डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि अडखळत म्हणाले, "लय पळतीय ते चालंल. समच सापडंना."

तर आता पुन्हा फडफडलं की मनगटावर तीन बोटं ठेव आणि घड्याळ लावून पुरा एक मिनिट मोज. तुझी प्रत्येक फडफड म्हणजे हेच, असं नाही. बहुतेकांचा एखादा ठोका चुकतोच. पण सम सापडली नाही तर तसाच ऊठ आणि ईसीजी काढ, फडफड चालू असतानाच. दुसऱ्या दिवशीचा कोरा कागद मला दाखवू नकोस. मी २० तारखेला पुण्यात आहे, तुझ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. बीपी तुला आहेच, आणि वहिनींना यातलं काहीच सांगितलं नसशील, मला माहीत आहे.

खालची वेडीवाकडी सही अण्णांची. उजव्या हातानं केलीय, अर्धा तास लागला.

तुझा,
बाळ्या