आधी मेट्रोचा आराखडा, मग उड्डाणपूल

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ चौकातील दुमजली उड्डाणपुलाचे कौतुक करणारा लेख वाचला. खाली वाहने आणि वर हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो ही रचना योग्यच आहे. मात्र याच चौकातील आधीचा पूल मेट्रोच्या आड येतो म्हणून बांधल्यानंतर जेमतेम दीड दशकात, 2020 मध्ये, पाडावा लागला, याचा लेखात ओझरताही उल्लेख नाही. तो पूल जीर्ण झाला नव्हता, तर तो बांधताना भविष्यातील मेट्रोचा विचार झाला नव्हता. पाडापाडीनंतरची पाच वर्षांची कोंडी औंध, बाणेर आणि पाषाणकडच्या प्रवाशांनी सोसली, तिचा हिशेब कोणत्याही निविदेत दिसत नाही. उड्डाणपूल आणि मेट्रोची एकत्रित बांधणी अशक्य नसते, हे कर्वे रस्त्यावरील नळ स्टॉपच्या पुलाने 2022 मध्येच दाखवले आहे. आता सिंहगड रस्त्यावरही उड्डाणपूल आधी आणि मेट्रो मागाहून, असाच क्रम आहे. तिथे मेट्रोचे खांब नेमके कुठे उभे राहणार आणि पुलाच्या कोणत्या भागाला त्यांचा अडथळा होणार, याचा नकाशा महापालिका व महामेट्रो यांनी मेट्रोचे काम सुरू होण्यापूर्वी एकत्रितपणे प्रसिद्ध करावा.

– एक वाचक, पुणे