मोबाईलवर रेल्वे चालवायला रेंज लागत नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मोबाईलवर चालणाऱ्या मॉडेल रेल्वेबद्दल लेख आला होता, तो वाचला. फोटो मस्त होते, पण मधेच एक वाक्य होतं की यासाठी घरात हायस्पीड इंटरनेट पाहिजे. झालं, आमच्या वाडीतल्या ज्या पोरांनी तो लेख उत्साहाने वाचायला घेतला होता त्यांनी तिथेच पेपर खाली ठेवला, कारण आमच्याकडे रेंज पाहिजे तर वर सड्यावर जावं लागतं आणि तिथेही ती वाऱ्याबरोबर येते नि जाते. गाडी चालवायला इंटरनेट अजिबात लागत नाही हो. पुढच्या पुरवणीत तेवढं वाक्य सुधारून छापा ही विनंती, आणि जागा असेल तर हे पत्र पण छापा, कारण खरी माहिती कुठे एकत्र मराठीत मिळत नाही.

लोकांचा गोंधळ होतो तो असा, की त्यांना वाटतं फोन थेट इंजिनाशी बोलतो. बहुतेक सिस्टिममध्ये तसं नसतं. जुन्या पद्धतीत रुळाला ट्रान्सफॉर्मर जोडायचा, नॉब फिरवला की रुळातलं व्होल्टेज कमीजास्त होणार, आणि त्या रुळावर जेवढी इंजिनं उभी असतील तेवढी सगळी एकदम सुटणार. डिजिटलमध्ये, म्हणजे ज्याला सगळे डीसीसी म्हणतात त्यात, रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं पण त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते आणि त्या उलटसुलटीतच निरोप लपलेला असतो. दिशा ५८ मायक्रोसेकंदात उलटली तर तो एक, १०० किंवा जास्त लागले तर ते शून्य, अशा एक-शून्यांची माळ रुळातून सगळ्या इंजिनांपर्यंत जाते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर, म्हणजे निरोप वाचणारा छोटा बोर्ड, फक्त आपल्या नंबरचा निरोप उचलतो, बाकीचे सोडून देतो. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामातून ही पद्धत आली आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी लोकांच्या संघटनेने तिचं स्टँडर्ड बनवलं, म्हणून तर आज एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलच्या पेटीवर चालतं. मोबाईल चार्जरवाल्यांना जे जमायला इतकी वर्षं लागली ते या खेळणीवाल्यांनी केव्हाच करून ठेवलं, असो.

तर फोनचं काम एवढंच की तो वायफायवरून त्या पेटीला, म्हणजे कमांड स्टेशनला सांगतो की अमुक नंबरचं इंजिन अमुक स्पीडने सोड, पुढचं सगळं पेटी आणि रूळ बघून घेतात. आणि हे वायफाय ती पेटी स्वतःच सोडते नाहीतर शेजारी एक साधा राऊटर ठेवायचा, त्या राऊटरला बाहेरची लाईन नसली तरी काही बिघडत नाही. रोको कंपनीची काळी झेड२१ पेटी तर राऊटर सोबत घेऊनच येते. हॉर्नबी कंपनीने एचएम७००० म्हणून काढलंय त्यात मात्र फोन ब्लूटूथने सरळ डिकोडरशी बोलतो, पण इंटरनेटवर गाडी चालते असं तिथेही नाही.

आता पैशाचं. तयार पेटी बाहेरून मागवली तर कस्टमसकट आकडा बघून घरचे बोलायचे बंद होतात. स्वतः जोडलं तर कंट्रोलचा भाग काही हजारात बसतो (इंजिनाचे पैसे वेगळे, ते काही वाचत नाहीत). डीसीसी-ईएक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आर्डुइनो मेगा नावाच्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डवर चढवायचं, त्याच्या डोक्यावर मोटर शिल्ड (रुळाला वीज सोडणारा दुसरा बोर्ड) बसवायचं आणि वायफायसाठी ईएसपी चिप असलेला छोटा बोर्ड जोडायचा, झाली आपली पेटी. शिल्डला १२ ते १४ व्होल्ट डीसीचा वेगळा अडॅप्टर, मेगाला यूएसबीवरून वेगळी पॉवर. इथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, शिल्डच्या खालच्या अंगाला व्हीइन लिहिलेला बारीक जंपर, म्हणजे दोन टोकं जोडणारी धातूची रेघ, असतो तो ब्लेडने कापायचा, नाहीतर रुळाचं व्होल्टेज खाली मेगात उतरतं आणि बोर्ड जाऊ शकतो. सॉफ्टवेअर चढवायला कॉम्प्युटर एकदाच लागतो, इंटरनेट लागलंच तर त्या दिवशी, ते तालुक्याला जाऊन कोणाच्या तरी लॅपटॉपवर करून आणता येतं.

नंतर फोनमध्ये वायफायची यादी उघडली की डीसीसीईएक्सने सुरू होणारं नाव दिसतं, त्याला जोडायचं. अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर हे अॅप फुकट आहे, आयफोनवाल्यांना वायथ्रॉटल. अॅपमध्ये पत्ता १९२.१६८.४.१ आणि पोर्ट २५६०, बस. इथपर्यंत सगळे येतात आणि इथेच अडकतात, कारण फोन शहाणा असतो, त्याला कळतं की या वायफायला इंटरनेट नाही म्हणून तो गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो, गाडी मधेच ऐकेनाशी होते आणि लोक बिचाऱ्या बोर्डाला शिव्या घालत बसतात. मोबाईल डेटा बंद करा, किंवा इंटरनेट नसलं तरी या वायफायवरच राहायचं का असं फोन विचारतो तेव्हा हो म्हणा. त्याहून बरं म्हणजे घरात कपाटात काच तडकलेला जुना अँड्रॉइड पडलेला असतोच, त्यात सिमच नाही त्यामुळे हा प्रश्नच येत नाही, इंजिन ड्रायव्हर असल्या जुन्या फोनवर पण चालतं आणि आवाजाच्या बटणांनी स्पीड कमीजास्त करता येतो म्हणजे स्क्रीनकडे न बघता नजर गाडीवर ठेवता येते. मला विचाराल तर अॅपमधलं सगळ्यात कामाचं हेच. फोन आला तर गाडी आपोआप थांबावी अशी सोय पण सेटिंगमध्ये आहे, ती चालू ठेवा, कारण आमच्याकडे फोन आला की माणूस उठून अंगणात जातो आणि गाडी इकडे टेबलाखाली. फोनची बॅटरी संपली किंवा वायफाय तुटलं तर पेटीला काही सेकंदात कळतं की चालवणारा गायब आहे आणि ती इंजिन थांबवते.

नवीन डिकोडरचा नंबर कारखान्यातून ३ येतो. दोन नवी इंजिनं एकदम रुळावर ठेवलीत तर दोन्ही ३ नंबरच्या हुकमावर धावणार, म्हणून आधी एकेकाला वेगळ्या रुळाच्या तुकड्यावर ठेवून नंबर बदलायचा. आपल्याकडच्या हौशी लोकांना खऱ्या इंजिनाचा नंबर पाहिजे असतो पण आपल्या रेल्वेचे नंबर पाच आकडी, डब्ल्यूएपी-७ जातीची विजेची इंजिनं तर ३०२०१ पासून पुढे, आणि स्टँडर्डमध्ये १०२३९ च्या वर जाता येत नाही, तर शेवटचे चार आकडे घ्या. आणखी एक, बाजारात मिळणारा एचओ म्हणजे १:८७ मापाचा ट्रॅक १६.५ मिमी रुंदीचा असतो, आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा म्हणजे १:८७ मध्ये साधारण १९.३ मिमी व्हायला पाहिजे, त्यामुळे आपलं इंजिन त्या रुळावर जरा अरुंद पायावर उभं दिसतं. जाणकार नाक मुरडतात. पोरांना फरक पडत नाही.

आता आपल्या हवेचं, याच्याबद्दल लेखात एक ओळ नव्हती आणि खरा त्रास तोच आहे. पुण्यामुंबईच्या माणसाला वायफायचा त्रास, एका बिल्डिंगमध्ये पन्नास राऊटर एकमेकांच्या डोक्यावर ओरडत असतात. आपल्याकडे हवा मोकळी, जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे सिग्नल जात नाही हे खरं पण गाडी आणि फोन एकाच खोलीत असल्यावर पलीकडे जायचंय कशाला. आपला त्रास म्हणजे दमट खारी हवा. डिजिटलमध्ये वीज आणि निरोप दोन्ही त्याच रुळातून चाकातून इंजिनात जातात, साध्या गाडीला जरा मळ लागला तर ती नुसती अडखळते पण डिजिटल इंजिनाचा डिकोडर क्षणभर वीज तुटली तरी बंद पडून परत सुरू होतो, आवाजवालं इंजिन असेल तर हॉर्न मधेच तोडून पहिल्यापासून सुरुवात. पितळी रूळ घेऊच नका, त्यावर जो थर चढतो तो वीज नीट जाऊ देत नाही, निकेल सिल्व्हरचे घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं, पावसाळ्यात गाडी लावायच्या आधी दर वेळी रूळ आणि चाकं दोन्ही पुसायची. पॉलिश पेपर लावायचा मोह होतो, लावू नका, त्याचे चरे पडतात आणि त्यात मळ आणखी बसतो. डिकोडरला कीप-अलाइव्ह म्हणून छोटा कपॅसिटर जोडता येतो, त्याने असे क्षणाचे तुटवडे इंजिन पार करतं, आपल्याकडे ती चैन नाही गरज आहे. खालची फळी मरीन प्लायची, साधा प्लाय श्रावणापर्यंत असा फुगतो की रुळाचे जोड उघडतात, आणि वाळवीसाठी काय करायचं ते मी कोकणी माणसाला सांगायला नको.

लाईट जाते त्याला मात्र सोपा उपाय आहे. रुळाचा भाग १२ व्होल्टवरच चालतो, म्हणजे इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी थेट शिल्डला देता येते, मेगाला मात्र यूएसबीची वेगळी पॉवर तेव्हाही लागते. शिल्डच्या चिपमध्ये दोनेक व्होल्ट जातात त्यामुळे गाडी जरा सावकाश पळते इतकंच. पण मधे २ अॅम्पिअरचा फ्यूज टाकल्याशिवाय जोडू नका, बॅटरी शॉर्ट झाली तर अडॅप्टरसारखी गप्प बसत नाही, वायर लाल होते.

गणपतीत याची खरी मजा येते. मखराच्या बाजूने रुळाचं एक कडं, त्याला एका ठिकाणी सांधे देऊन लूप लाईन, दोन इंजिनं आणि चाकरमान्यांची पोरं हातात जुने फोन घेऊन. ईएसपीवर चार-पाच फोन आरामात बसतात. कोकण रेल्वे अजून बरीचशी एकेरी मार्गाची आहे हे दिवा पॅसेंजरने येणाऱ्याला समजवावं लागत नाही, क्रॉसिंगला गाडी का थांबते हे पोरांना रत्नागिरी येईपर्यंत चांगलंच कळलेलं असतं, मग घरी एकजण कोकणकन्या सोडतो दुसरा मांडवी आणि लूपमध्ये कोणी थांबायचं यावर आरतीपर्यंत भांडण चालतं. फक्त एवढं बघा की सांध्यावर डबा घसरला आणि दोन रूळ जोडले गेले तर शॉर्ट होऊन पेटी वीज तोडते आणि सगळ्या गाड्या एकदम उभ्या राहतात, घाबरायचं कारण नाही, डबा उचला. आणि रूळ वळवून परत त्याच रुळाला उलट्या तोंडाने जोडू नका, तिथे कायमचा शॉर्ट.

माझा एक हट्ट आहे तो इथे लिहितो. अॅप बंद पडलं की गाडी बंद पडते असली वस्तू घेऊ नका. ओळखीच्या एकाने एका कंपनीची फोनवर चालणारी गाडी घेतली होती, कंपनीने अॅप काढून टाकलं, नवीन फोनवर ते चढत नाही, गाडी चांगली धडधाकट असून शोकेसमध्ये. जे उघड्या, म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या पद्धतीवर चालतं ते असं मरत नाही, इंजिन ड्रायव्हर उद्या नसलं तरी तीच भाषा बोलणारं दुसरं अॅप लावता येतं. ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे त्यांनी जेएमआरआय हे मॉडेल रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर बघावं, ते पण फुकट आहे, त्यात तर फोनच्या साध्या ब्राउझरमधूनही गाडी चालवता येते. आणि फुकट म्हणजे बेवारशी समजू नका, याच जेएमआरआयचं काम परवान्याच्या अटी न पाळता वापरल्यावरून अमेरिकेत कोर्टात खटला झाला आणि २००८ साली तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की असल्या मोफत परवान्याच्या अटी पण कॉपीराइट कायद्याखाली पाळाव्या लागतात. खेळण्यातल्या रेल्वेवरून झालेला निकाल, आणि आज सगळं सॉफ्टवेअरवालं जग तो दाखला देतं!

शेवटचं शाळांसाठी. निती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब आपल्याकडच्या शाळांत पण आल्यात, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखापर्यंत अनुदान असतं आणि सामानात आर्डुइनो असतोच. बऱ्याच ठिकाणी ते बोर्ड एलईडी लुकलुकवण्यापलीकडे जात नाहीत. मोटर शिल्ड, एक रुळाचं कडं आणि डिकोडरवालं एक इंजिन एवढं वाढवलं तर मुलांना वायफाय, बायनरी, शॉर्टसर्किट, सिग्नल सगळं हाताने करून कळेल, आणि कुठल्या सरांना करायचंच असेल तर सामान गणपतीच्या दोन महिने आधी मागवा, डिकोडर बाहेरून येतात आणि वेळ लावतात. बाहेर विजा चमकायला लागल्या की लॅबमधल्या अडॅप्टरची पिन भिंतीवरच्या सॉकेटातून काढून ठेवायची हे शिपायालाही सांगून ठेवा, नुसता बटण बंद करून चालत नाही.

आपला नम्र,
एक वाचक, कणकवली तालुका