बंडूला हॉटेलात चिकटवण्याआधी

कांदोळी, गोवा

तीर्थरूप आई-अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं आजी म्हणेलच. पण फोनवर अण्णा दोनदा "बरं, बरं" म्हणतात आणि आईकडे देतात, आणि आईची गाडी "जेवलीस का" याच्या पुढे सरकत नाही. मला जरा सविस्तर सांगायचं आहे. आजीच्या लेखी गोवा अजून परदेशच. १९६१ पर्यंत होताच म्हणा. तेव्हा परदेशाहून आलेलं पत्र समजून निवांत वाचा.

विषय बंडूचा. डिप्लोमा झाला की त्याला तुझ्याच हॉटेलात चिकटव, असं काकू म्हणते. चिकटवते की. पण पगाराच्या आधी पाळी विचारायची, एवढं त्याच्या डोक्यात आत्तापासून घाला.

आमच्या रिसेप्शनला तीन पाळ्या असतात आणि रोस्टर बहुतेक दर आठवड्याला बदलतं. दुपारची पाळी रात्री अकराला सुटते, आणि कुणी रजेवर असलं की त्याच माणसाला सकाळी सातला पुन्हा उभं करतात. अंघोळ, प्रवास, जेवण वजा करा आणि झोपेला काय उरतं ते बघा. किचनवाल्यांची ब्रेक शिफ्ट त्याहून वाईट: अकरा ते तीन, मग सात ते गिऱ्हाईक उठेपर्यंत. मधले चार तास ना घरचे ना हॉटेलचे. पोरं स्टाफ रूमवर मोबाईल बघत लोळतात. त्यात ऑक्टोबरपासून सीझन. मोपाच्या विमानतळावर उतरलेले पाहुणे पहाटे तीनला दारात येतात आणि त्यांना हसून सरबत द्यावं लागतं.

तुम्ही म्हणाल, तरुण वय आहे, जागरणाने काय होतं? आपल्याकडे भजनाला लोक रात्र रात्र जागतात. अण्णा, एका रात्रीने काही होत नाही. पण तुमचं बीपीचं मशीन आठवा. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत १० ते २० टक्क्यांनी उतरतं. हृदयाला तेवढीच सवड. ही उतरण नुसती आडवं झाल्याने मिळत नाही. मेंदूत एक घड्याळ आहे, ते उजेडाच्या हिशेबाने चालतं आणि बीपी, साखर, नाडी सगळ्यांना वेळा लावून देतं. या घड्याळाची यंत्रणा शोधणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. रोस्टर दर सोमवारी बदलतं, हे घड्याळ काही तसं बदलत नाही. मी सकाळी नऊला पडदे ओढून झोपते, तेव्हा ते अंगाला "ऊठ, कामाला लाग" म्हणत असतं. झोप कमी आणि तुटक होते, आणि बीपी हवं तेवढं उतरत नाही.

हे माझ्या मनचं नाही. २९ सप्टेंबरला, जागतिक हृदयदिनी, आमच्याकडे एक डॉक्टर बोलायला आले होते. त्यांनी २०१२ च्या एका मोठ्या पाहणीचे आकडे सांगितले. ३४ अभ्यास आणि वीस लाखांवर माणसं एकत्र धरून पाहिलं, तर पाळीने काम करणाऱ्यांत हार्ट अटॅकचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त निघालं. आई, लगेच देवापुढे बसू नकोस. चौघांतल्या एकाला अटॅक येतो असा याचा अर्थ नाही. जिथे शंभरांना आला असता तिथे एकशे तेवीस जणांना, एवढाच. शिवाय रात्रपाळीवाले विड्या जास्त ओढतात, वेळीअवेळी खातात, तेही त्यात आलंच. तासांचा मुद्दा वेगळा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली मांडलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या मानाने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त असतो. डिसेंबरात डबल ड्यूट्या लागल्या की ५५ तास कधी ओलांडले ते आमच्या पोरांना कळतही नाही.

आमच्या तंदूरवाल्या मामांचं सांगते. चंदगडकडचे आहेत, पन्नाशीचे. सीझनमध्ये एका पहाटे, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा गेटवर वाजत होता तेव्हा, ते मागच्या दाराशी दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसलेले दिसले. एक हात जबड्याला, आणि त्या थंड पॅसेजमध्ये बनियन घामाने चिंब. "पित्त उसळलंय गं, सोडा दे." सोडा द्यायचा सोडून मी १०८ लावला. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ईसीजी काढला. गोव्यात यासाठी 'स्टेमी गोवा' म्हणून सरकारी योजना आहे: ईसीजी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातले हृदयाचे डॉक्टर तिकडे बसून बघतात आणि गरज असली तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या केंद्रातच देतात. मामांना ते मिळालं, मग बांबोळीला हलवलं. आता ते सकाळच्या पाळीत डोसे घालतात आणि तंदूर हातचा गेला म्हणून दिवसभर कुरकुरतात. पाळीमुळेच झालं असं कुणी डॉक्टर म्हणाला नाही. साखर होती, विडी होती. पण वर्षानुवर्षं ब्रेक शिफ्टही होती, हे मी कसं विसरू?

आई, तुला वाटतं रात्री जागतेय तर पोटात काहीतरी हवं. मी ड्यूटीला निघायच्या आधी भाकरी-भाजी पोटभर खाते. मध्यरात्री स्टाफ कॅफेटेरियात बिर्याणी असते, तिला हात लावत नाही. रात्री खाल्लेल्याची साखर शरीराला नीट आवरत नाही, हे प्रयोगांत दिसलंय. फार भूक लागली तर ताक किंवा मूठभर शेंगदाणे. तुझ्या एकादशीचं मात्र बघ, रात्रपाळीत साबुदाणा मला पेलत नाही.

बंडूला एवढंच विचारायला सांगा: पाळी ठरलेली की फिरती? फिरती असली तर सकाळ, दुपार, रात्र अशा ओळीने फिरते का? उलट फिरली की अंग लवकर मोडतं. दोन पाळ्यांच्या मध्ये अकरा तास सोडतात का? ब्रेक शिफ्ट किती महिने? या प्रश्नांवर एचआरवाला वैतागला, तर दुसरं हॉटेल बघू. कळंगुटपासून म्हापशापर्यंत माणसं सगळ्यांनाच हवी आहेत.

अण्णांनी गोळी चुकवू नये, आणि छातीत भरून आलं तर पित्त-पित्त करत बसू नये. त्याला वेळ बघायची नाही. एरवी मला फोन संध्याकाळी पाचनंतर करा. दुपारी बारा ही माझी मध्यरात्र असते. काकूलाही सांगा, तिला ते पटत नाही. आंबोलीमार्गे कुणी येणार असेल तर थोडा घनसाळ तांदूळ पाठवा, इथे मिळतो त्याला वास नाही.

आजीला नमस्कार.

तुमची,
बेबी