गरोदरपणात रात्री उठवणारी हाडदुखी अंगावर काढू नये

मा. संपादक,
स. न.

गरोदर बाईने गुडघा दुखतो म्हटले की घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही एकच सांगतात, "वजन वाढलंय, चालायचंच, बाळंत झालीस की थांबेल." बहुतेक वेळा ते खरेही असते. पण हाडाचा कर्करोग नेमका याच समजुतीआड काही महिने लपून राहतो, म्हणून हे पत्र.

वजनामुळे होणारे दुखणे दिवसभराच्या वावराने वाढते आणि आडवे झाले की उतरते. गाठीचे दुखणे एकाच जागी ठाण मांडते, रात्री झोपेतून उठवते आणि आठवड्यागणिक वाढत जाते. ऑस्टिओसारकोमा हा हाडाचा कर्करोग बहुधा मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या वरच्या टोकाला, म्हणजे गुडघ्याजवळच होतो. दोन्ही गुडघे शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे सूज असेल, हात लावल्यावर तो भाग गरम लागत असेल, तर त्याच आठवड्यात एक्स-रे काढावा.

इथेच सगळे अडते. "पोटात बाळ आहे, एक्स-रे नको." हातापायाच्या एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत 0.001 मिलिग्रेपेक्षाही (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणांचे माप) कमी किरणे पोचतात. नऊ महिन्यांत निसर्गातूनच 0.5 ते 1 मिलिग्रे मिळतात, आणि 50 मिलिग्रेच्या खाली गर्भाला व्यंग येत असल्याचे दिसलेले नाही. छातीचा सीटी स्कॅनसुद्धा साधारणपणे 1 मिलिग्रेच्या आत राहतो. तो टाळला तर फुप्फुसात पसरलेला रोग कळतच नाही. एमआरआय जरूर करावा, फक्त चित्र स्पष्ट दिसावे म्हणून देतात ते गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊ नये. हाडाच्या गाठीत वाढू शकणाऱ्या रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज या विकरावर विसंबू नये, कारण वारेमुळे ते गरोदरपणात एरवीही वाढलेले असते.

तुकडातपासणीबद्दल, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याबद्दल (बायोप्सी), जरा आग्रहाने सांगायचे आहे. पुढची शस्त्रक्रिया जो सर्जन करणार, त्याच्याच देखरेखीखाली ती व्हावी. सुई ज्या वाटेने गाठीपर्यंत जाते, त्या वाटेवर कर्कपेशी सांडू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेत गाठीबरोबर ती वाटही कापून काढावी लागते. कुणी घाईने भलत्या बाजूने आडवा छेद घेतला, तर वाचू शकणारा पाय गमवावा लागतो. सुईची तपासणी जागेवरच भूल देऊन होते, बाळाला तिचा त्रास नसतो.

पुढचे सगळे आठवड्यांवर ठरते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा केमो देत नाहीत. साधारण 14 आठवड्यांनंतर डॉक्सोरुबिसिनसारखी काही औषधे विचारपूर्वक देता येतात. आईच्या हृदयाचा इको (सोनोग्राफी) आधी करायचा, आणि डोस गरोदरपणापूर्वीच्या नव्हे, आजच्या वजनावर काढायचा. ऑस्टिओसारकोमात एरवी ज्याच्यावर भिस्त असते ते मोठ्या डोसाचे मेथोट्रेक्सेट मात्र गरोदरपणात वर्ज्य. ते गर्भाला घातक आहेच, शिवाय गर्भजलात साठून राहिल्याने आईच्या शरीरातूनही लवकर निघत नाही. युइंग सारकोमा या हाडाच्या दुसऱ्या कर्करोगाला लागणारे रेडिएशन, ज्याला लोक शेक म्हणतात, शक्यतो बाळंतपणानंतरच ठेवतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक 20 आठवड्यांनंतर टाळावे, कारण त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येऊन गर्भजल कमी होते.

शस्त्रक्रियेला दुसरी तिमाही त्यातल्या त्यात सोयीची. 20 आठवड्यांनंतर आईला टेबलावर सरळ उताणे ठेवत नाहीत. उजव्या कुशीखाली पाचर देऊन डावीकडे कलवतात, नाहीतर गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दाबली जाऊन रक्तदाब कोसळतो. गरोदरपण, कर्करोग आणि हलता न येणारा पाय या तिन्हींमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, तेव्हा गुठळ्या होऊ न देणारे हेपॅरिनचे इंजेक्शन विसरून चालत नाही.

"मूल पाडलं की रोग आटोक्यात येईल" असे सांगणारे भेटतात. नुसत्या गर्भपाताने गाठ थांबत नाही. निदान पहिल्या तिमाहीत झाले, रोग वेगाने वाढणारा असला आणि केमो लांबवणे आईच्या जिवावर बेतणारे असले, तर हा पर्याय मोकळेपणाने मांडायला हवा. निर्णय तिचा. तिला घाबरवून तो करून घेणे आम्हांला अक्षम्य वाटते.

बाळंतपण जमेल तितके 37 आठवड्यांपर्यंत न्यावे. अखेरची केमो त्याआधी तीनेक आठवडे थांबवतात. मध्ये तेवढा काळ मिळाला नाही, तर आईच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली असतानाच कळा सुरू होतात, आणि बाळाचे कोवळे यकृत-मूत्रपिंड औषध बाहेर टाकू शकत नाही. कटीच्या हाडात गाठ असेल आणि वाट अडत असेल तर सिझेरियन करावे लागते. वार टाकून न देता, कर्करोग तिथवर पोचला का हे पाहायला पॅथॉलॉजीकडे पाठवावी. केमो पुन्हा सुरू होणार असल्याने अंगावर पाजता येत नाही. हे बाळंतपणाच्या खाटेवर नव्हे, आधीच सांगून ठेवावे, म्हणजे आईला मनाची तयारी करायला आणि घरच्यांना बाळाच्या दुधाची सोय करायला वेळ मिळतो.

आपले,
हाडांच्या कर्करोगावर उपचार करणारे काही डॉक्टर