बक्षीसपत्र नव्हे, करारनामा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिगमाव आदिवासींच्या प्रमुखांच्या बैठकीवरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, म्हटलं आपल्याच चष्म्याचा दोष असेल. पण नाही. ‘सरकारने बहाल केलेल्या सवलतींवर आदिवासी मुखियांचा खल’ हे वाक्य होतं तिथेच होतं, तेही चौकटीत आणि ठळक.

माझी ३१ वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवण्यात गेली. बक्षीसपत्र आणि करारनामा यांतला फरक आमच्या शिपायालाही कळायचा. १७६०-६१ मध्ये ब्रिटिशांनी मिगमावांशी केले ते करार. मिगमावांनी इंग्रजांच्या ठरलेल्या वखारींशीच व्यापार करायचा, असं त्यात ठरलं. आता वखारीत घालायला माल आणायचा कुठून? शिकार करून, मासे धरूनच ना? मग ते करण्याचा हक्क करारातच आला. १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. शिवाय त्या करारांत जमीन तोडून दिल्याचं एक अक्षर नाही. म्हणजे खरेदीखताचा पत्ता नाही आणि ताबा मात्र पक्का. अशी प्रकरणं आमच्या टेबलावरून हात हलवत परत जायची.

त्या खटल्याला तुमच्या लेखकाने ‘मासेमारीचा एक वाद’ म्हणून अर्ध्या ओळीत उरकलं आहे. डोनाल्ड मार्शल ज्युनियर यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये पॉमकेट बंदरात ४६३ पौंड वाम धरले आणि ७८७ डॉलर १० सेंटला विकले. परवाना नाही, म्हणून खटला. हे तेच मार्शल, ज्यांनी न केलेल्या खुनापायी ११ वर्षं तुरुंगात काढली होती. त्याआधी १९२८ मध्ये मिगमावांचे सर्वोच्च प्रमुख, ग्रँड चीफ गॅब्रिएल सिलिबॉय यांनी कोर्टात ब्रिटिशांशी झालेला १७५२ चा करार पुढे केला, तर न्यायाधीश म्हणाले, असल्या रानटी लोकांना करार करण्याची पात्रताच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर ‘लिहून देणार’ सक्षम नव्हता, सबब दस्त बाद. सही घेताना बरा सक्षम होता! कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताने सिलिबॉय यांना माफी दिली ती २०१७ मध्ये. तोवर त्यांना जाऊन ५० वर्षं उलटली होती.

आता मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, तेही सांगून टाकते. लेक त्याच नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर, सिडनी गावात असते. पहिल्यांदा गेले तेव्हा एका उन्हाळी बाजारात एक मिगमाव बाई टोपल्या विकत होत्या. लाकडाच्या पातळ पट्ट्यांची वीण, कडेला गवताची वेणी. आमच्याकडच्या बुरुडाने हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली असती अशी. किंमत ४० डॉलर. मी आपली गप्पा मारायला म्हणून विचारलं, ‘गव्हर्मेंट तुम्हाला सगळं फ्री देतं ना?’ लेकीने माझा दंड दाबला, पण तोवर शब्द सुटले होते. बाईंनी हातातली पट्टी ओवून संपवली, वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘सिक्स्टी.’ मी निमूट ६० मोजले. लेक गाडीत बसेपर्यंत हसत होती. ‘आई, प्रश्नाचे २० डॉलर!’ त्या टोपलीत आज आमच्या साताऱ्यातल्या स्वयंपाकघरात लसूण असतो. तुमचा लेख वाचताना समोर तीच होती.

त्या बाईंना मी जे विचारलं ते अज्ञानातून. तुमच्या लेखकाला लिहिण्याचे पैसे मिळतात.

पुढे ‘प्रमुखांमध्ये फूट’ असं उपशीर्षक. नोव्हा स्कोशियात मिगमावांच्या १३ वस्त्या, प्रत्येकीचा निवडून आलेला प्रमुख. शिवाय त्या निवडणुकांच्या कितीतरी आधीपासूनची ग्रँड कौन्सिल, तिला ते सान्ते मावियोमी म्हणतात, ती वेगळीच. लेखात दोन्हींची खिचडी झाली आहे. त्या १३ पैकी सिपेकनेकाटिक ही वस्ती २०२० मध्ये प्रमुखांच्या सभेतून बाहेर पडली, हे खरं. आपल्या हक्काचे खेकडे-शेवंड कोणी, कधी, किती धरायचे यावर माणसं भांडणार नाहीत तर काय करतील? आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर चार सभा झाल्या, त्याला कोणी फूट म्हटलं नाही.

आणि ‘अनुदानावर जगणारा समाज’? सिडनीजवळची मेंबर्टू ही वस्ती आणि इतर मिगमाव समुदायांनी एका कंपनीला बरोबर घेऊन क्लिअरवॉटर ही बडी सीफूड कंपनी २०२१ च्या सुरुवातीला विकत घेतली, सुमारे १ अब्ज डॉलरला. निम्मी मालकी यांची. त्यासाठी आदिवासींच्याच वित्तसंस्थेकडून २५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं. याच मेंबर्टूच्या लोकांना १९१६ मध्ये कोर्टाच्या हुकमाने सिडनीतल्या किंग्ज रोडवरून उठवायचं ठरलं होतं. लेकीबरोबर त्या रस्त्यावरून मी कितीदा गेले आहे.

फोटोबद्दल बोलायलाच नको. पिसांचा मुकुट घातलेला घोडेस्वार! तो हजारो किलोमीटर पलीकडच्या पश्चिमेच्या माळरानावरचा. मिगमाव बायकांची मणी जडवलेली टोकदार टोपी असते, ती छापायची होती. नावही ‘मिकमॅक’ लिहिलंय, इंग्रजांच्या जुन्या वळणाचं. आपल्याकडे कोणी पाटीवर ‘बॉम्बे’ लिहिलं तर काय होतं ते आपण जाणताच.

दुरुस्ती छापणार असाल तर ‘बहाल’ खोडून ‘मान्य’ करा, एवढं पुरे. आणि लिहायलाच बसले आहे तर, गेल्या तीन रविवारी शब्दकोड्याचं उत्तर आदल्या आठवड्याच्या कोड्याशी जुळत नाहीये. ‘आडवे ७’ मध्ये तीन घरं आणि उत्तर पाच अक्षरांचं. तेही कोणीतरी बघा.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, सातारा