घरून काम, की घरचेही काम?

महोदय,

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि आमच्यासारख्या नोकरदार स्त्रियांचे कार्यालय थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचले. धुणी-भांडी करणाऱ्या मावशींना सोसायटीत प्रवेश बंद, पाळणाघराला कुलूप आणि मुलीची शाळा माझ्याच मोबाइलवर. अशा स्थितीत सकाळच्या बैठकीत माइक बंद ठेवून कणीक मळणे आणि आपले नाव पुकारले जाताच पिठाचे हात ओढणीला पुसून उत्तर देणे, हे मी कित्येक महिने केले. घरातले एकमेव टेबल अर्थातच पतीकडे, माझा लॅपटॉप इस्त्रीच्या फळीवर. (पगार दोघांचा जवळपास सारखाच आहे, हे जाता जाता.)

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे. आणि ही आकडेवारी महासाथीच्या आधीची आहे. त्यामुळे ‘घरून काम म्हणजे बायकांची सोयच’ असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला मान्य नाही. कंपन्यांनी बैठकांच्या वेळा निदान आदल्या दिवशी कळवाव्यात आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नयेत, एवढी तरी अपेक्षा आहे.

– एक वाचक, पुणे